एस्तर साळवे यांची उलटी बी.एस्सी.

"यहाँ डायरी नंबर कौन देता है?"

साळवे मॅडमच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. आमची युनिव्हर्सिटी मानेसरच्या पुढे, गाड्यांच्या कारखान्यांकडे पाठ करून उभी आहे. खाजगी, काचेची, आणि माहितीपत्रकातल्या फोटोपेक्षा थोडी लहान. तिथल्या प्रोग्रॅम ऑफिसात मी बसते. कुठल्या विद्यार्थ्यानं कुठल्या सेमिस्टरला कुठले विषय घ्यायचे, हे आधीच ठरलेलं असतं. ज्यांना ते ठरलेलं नको असतं, ते माझ्याकडे येतात. एकाला स्टॅटिस्टिक्सच्या जागी फोटोग्राफी हवी असते. एकीला सकाळी अकराच्या आधीचं काहीच नको असतं. एकाचे वडील फोनवर सांगतात की मुलाला केमिकलच्या वासाचा त्रास होतो, आणि मुलाची ॲडमिशन असते केमिस्ट्रीला. मी सगळ्यांना "पोर्टल पर डाल दो" एवढंच सांगते. पोर्टलवर टाकलेलं पुढे कुठे जातं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

तर त्या दिवशी ह्या रांगेत साठी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. मला वाटलं, कुणाची तरी आजी असेल. कॉटनची कडक इस्त्रीची साडी, जाड चष्मा, हातात प्लास्टिकचं फोल्डर. पुढ्यात आल्यावर त्यांनी फोल्डरमधून अर्ज काढला, पण माझ्या हातात दिला नाही. आधी डायरी नंबर. सरकारी कचेरीत आलेला प्रत्येक कागद रजिस्टरात चढतो, त्याला नंबर पडतो आणि मगच तो कागद आला असं धरतात. आमच्याकडे असलं काही नाही, हे ऐकल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मग कागद हरवला, तर हरवलं काय ते कसं कळतं?" हे मराठीत. टेबलावरची माझी पाटी त्यांनी वाचली होती.

"हरवत नाही, मॅडम. सगळं ऑनलाइन आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या. हे 'अच्छा' पुढे मी बरंच ऐकलं. त्याचा अर्थ 'तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे, मानलेलं नाही' असा होता.

एस्तर साळवे मूळच्या नगरच्या. शाळेत वनस्पतिशास्त्राचं वेड, पण घरात पहिली कमावणारी व्हायची वेळ आली. टायपिंगची परीक्षा दिली, दिल्लीला नोकरी लागली आणि बी.एस्सी. राहिली. पुढे सगळी हयात शेतीशी संबंधित एका मंत्रालयात गेली. स्टेनो म्हणून लागल्या, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या. यजमान गेले, सरकारी क्वार्टर सुटलं, आणि त्या गुरुग्रामला मुलाकडे, उंच टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. राहिलेल्या बी.एस्सी.ला आमच्याकडे नाव घातलं आणि तिथून शेअर ऑटोनं यायच्या, कारखान्यात निघालेल्या पोरांच्या मध्ये बसून. मुलगा कॅब करून द्यायला तयार होता. मॅडमचं म्हणणं, कॅबवाला बोलत नाही.

मी अर्ज वाचायला घेतला. डावीकडे हा एवढा मोठा समास सोडलेला, वरिष्ठांनी शेरा मारावा म्हणून. परिच्छेदांना आकडे. कोपऱ्यात हिरवा टॅग ओवलेला. मजकूर असा, की त्यांना बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रातले सगळे विषय मान्य आहेत, एकही वगळायचा नाही, एकही बदलून नको. फक्त क्रम बदलून हवा. वनस्पतींची अंतर्रचना आणि वनस्पतींचे रोग हे विषय दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत, ते पहिल्या वर्षी द्यावेत. पहिल्या वर्षाचे पर्यावरण, कम्युनिकेशन स्किल्स वगैरे विषय तिसऱ्या वर्षी घेतले जातील.

असा अर्ज मी जन्मात पाहिला नव्हता. लोक अवघड विषय टाळायला येतात. ह्या बाई अवघड ते आधी मागत होत्या.

"का पण?"

"चौथा परिच्छेद," त्या म्हणाल्या.

चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की अर्जदाराच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना आजार असून मधली नजर हळूहळू जात आहे. डॉक्टरांच्या मते तिसऱ्या वर्षापर्यंत ती जाईल. सबब जे विषय सूक्ष्मदर्शकातून बघायचे आहेत ते आधी, आणि जे नुसते ऐकले तरी चालतील ते नंतर, अशी व्यवस्था व्हावी.

मी तो परिच्छेद पुन्हा वरून वाचायला लागले. त्यांनीच माझी सुटका केली. "कडेकडेचं दिसत राहणार आहे म्हणे. सरकारी नोकरीत कडेकडेचंच बघायचं असतं, त्यामुळे सवय आहे."

आता हे पोर्टलवर टाकायचं म्हणजे कारण निवडावं लागतं. तिथे यादी उघडते, त्यात खेळ, आजारपण, परदेशी एक्सचेंज आणि 'इतर' असे पर्याय आहेत. आजारपण निवडलं की पोर्टल एक सेमिस्टर सुट्टी देऊ करतं. मॅडमना सुट्टीच तर परवडणार नव्हती. 'इतर' निवडलं की एका ओळीत लिहायचं. मॅडमनी लिहिलं, 'कृपया संलग्न अर्ज पाहावा.' संलग्न करायची सोय पोर्टलवर नव्हती.

पंधरवडा गेला, पहिल्या सेमिस्टरचे वर्ग सुरू झाले. डीनसाहेबांकडून उत्तर नाही. मी दोनदा आठवण केली, तर ते म्हणाले, "देखते हैं." डीनसाहेब माणूस वाईट नाही. त्यांना फक्त 'हो' म्हणायची भीती वाटते आणि 'नाही' म्हणायचा कंटाळा येतो.

मग मॅडमनी एक पत्रक काढलं. विद्यार्थिनीनं पत्रक काढल्याचं आमच्याकडे पहिलंच उदाहरण. अर्जाच्या प्रती त्यांनी डीनसाहेबांना, विभागप्रमुखांना, प्रयोगशाळेच्या शर्मा मॅडमना आणि मला दिल्या, आणि खाली एक ओळ घातली : 'याबाबत आक्षेप असल्यास पुढील शुक्रवारपर्यंत कळवावे. न कळविल्यास आपली सहमती आहे असे समजण्यात येईल.' मंत्रालयात म्हणे असंच चालतं. एका खात्यानं मसुदा फिरवायचा, बाकीच्यांनी मुदतीत तोंड उघडलं नाही की त्यांचा होकार धरायचा. देश त्याच्यावरच चालतो, असं मॅडमचं म्हणणं. पण तिकडे ही ओळ वाचून लोक घाबरतात, कागद शोधतात, काहीतरी लिहून पाठवतात. आमच्याकडे कुणी वाचलीच नाही.

सोमवारी मॅडम पांढरा कोट घालून वरच्या वर्गाच्या प्रॅक्टिकलला हजर झाल्या. शर्मा मॅडमनी विचारलं, "आप?" मॅडमनी प्रत दाखवली. शर्मा मॅडमना वाटलं, डीनसाहेबांनी मंजूर केलंय, त्याशिवाय कोण एवढं टापटीप लिहील! त्यांनी सूक्ष्मदर्शक दिला.

प्रयोगशाळेतल्या मॅडम मी एकदाच नीट पाहिल्या. शर्मा मॅडमची सही घ्यायला म्हणून मी गेले होते. सगळी पोरं जोडीजोडीनं सूक्ष्मदर्शकावर, आणि मॅडम एकट्या एकावर चिकटून बसलेल्या. त्यांची जोडीदारीण, रोहतककडची एक उंच मुलगी, शेजारी हाताची घडी घालून उभी. तिला विचारलं तर म्हणाली, "आंटी उठती ही नहीं. अब मैं भी नहीं कहती."

मॅडमनी मला पावलांवरून ओळखलं की काय, मान न उचलताच म्हणाल्या, "नीता, ये. बघ."

इथे एक सांगायला हवं. माझ्या टेबलापाशी मी 'पाटणकरजी' आणि 'आप'. टेबल सुटलं की 'अगं नीता'. ह्यात त्यांनी कधी गल्लत केली नाही. बाहेरच्या बाकावर माझ्या लेकीच्या सर्दीवर काढा सांगून झाला, की आत येऊन समोर बसत आणि म्हणत, "पाटणकरजी, मेरे पिछले पत्र का क्या हुआ?"

मी भिंगातून पाहिलं. नारिंगी-तपकिरी दाणे, एकाला एक लागून, पानाच्या फाटलेल्या सालीतून वर आलेले.

"तांबेरा आहे. गव्हावरचा," त्या म्हणाल्या. "नोकरीभर ह्याच्यावर टिपणं लिहिली. कुठल्या राज्यात किती पसरला, औषध कुठलं पाठवायचं, समिती कुणाची नेमायची. संसदेतल्या प्रश्नाला उत्तरं तयार केली ह्याच्यावर. आणि मला वाटायचं, काळा असेल."

"काळा का?"

"फाइलीत सगळंच काळं असतं गं." मग त्यांनी मला बाजूला सारलं आणि पुन्हा डोळा लावला. "किती देखणा आहे मेला! उभी शेतं खातो आणि बघ कसा बसलाय."

त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. मी एवढी वर्षं ज्या कागदांवर काम करते, त्यांच्या आत काय आहे ते बघावंसं मला एकदाही वाटलेलं नाही.

सेमिस्टर निम्मं झालं आणि परीक्षेच्या याद्या निघाल्या. त्यात पहिल्या वर्षाच्या एस्तर साळवे वरच्या वर्गाच्या प्रॅक्टिकलला कशा, म्हणून परीक्षा विभागानं बोंब ठोकली. डीनसाहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. आता प्रश्न साधा नव्हता. त्यांनी आत्तापर्यंतचं काम रद्द केलं असतं, तर मॅडमना सगळ्यांबरोबर ओळीनं यावं लागलं असतं, आणि ओळ तिथवर पोचेपर्यंत डोळे थांबणार नव्हते. मॅडम खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर.

"किसने परमिशन दी आपको?" डीनसाहेब.

"आपने, सर."

"मैंने? कब?"

"शुक्रवार को. आपका कोई आक्षेप नहीं आया." आणि त्यांनी पत्रकाची प्रत पुढे केली. डीनसाहेबांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"ऐसा नहीं होता, मैडम. यह कोई मिनिस्ट्री नहीं है. स्ट्रक्चर है एक. ॲनाटॉमी से पहले बेसिक पेपर होता है. प्रीरिक्विज़िट समझती हैं आप?"

"बिल्कुल, सर. प्रीरिक्विज़िट में आँखें नहीं लिखी थीं. मैंने मान लिया कि वो भी चाहिए."

डीनसाहेब जरा नरमाईनं म्हणाले, की थिअरी नसताना नुसत्या स्लाइड बघून काय कळणार?

"थिअरी मैं सुन लूँगी, सर. दो साल बाद भी सुन लूँगी. स्लाइड सुनाई नहीं देती."

खिडकीबाहेर कंपनीच्या बसेस शिफ्ट सुटलेल्या कामगारांना घेऊन चालल्या होत्या. डीनसाहेबांनी एक नजर तिकडे टाकली आणि प्रत जवळ ओढली. मग मला म्हणाले, "ठीक है. पाटणकर, मैडम का एक स्पेशल केस बना दो."

मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "स्पेशल केस नहीं, सर."

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. चालू द्या ना बाई, मिळतंय ते घ्या! पण ऐकतील तर साळवे कसल्या.

"स्पेशल केस में मेहरबानी होती है. कल कोई और डीन आएगा, मेहरबानी वापस ले लेगा. आप लिखिए, क्रम में व्यक्तिगत बदलाव, नियम के अंतर्गत."

"नियम कहाँ है?"

"आप लिखेंगे तो हो जाएगा, सर. नियम ऐसे ही बनते हैं. मैंने बहुत बनते देखे हैं."

डीनसाहेबांनी लिहिलं. मॅडमनी सोडलेल्या समासातच लिहिलं, आणि जागा बरोबर पुरली.

ह्याचा एक परिणाम असा झाला की पोरांना मॅडमचा शोध लागला. कँटीनच्या बाहेरच्या बाकावर त्या डबा खायच्या, तिथे दुपारी दरबार भरू लागला. मॅडम अर्ज सांगायच्या, पोरं मोबाइलवर टाइप करायची. पण त्या आधी उलटतपासणी घ्यायच्या. "सबब क्या है? बहाना मत बताओ, सबब बताओ." अकराच्या आधी उठता न येणाऱ्या मुलीला त्यांनी परत पाठवलं. केमिकलचा वास सहन न होणाऱ्या मुलाला मात्र धरून बसवलं. त्याच्याकडून बाहेर काढलं की केमिस्ट्री वडिलांना हवी होती, त्याला इतिहास शिकायचा होता. अर्ज मग वडिलांनाच उद्देशून लिहिला गेला. पाच परिच्छेद, शेवटी आक्षेप असल्यास कळवावे. वडील सोनीपतहून स्वतः आले, मॅडमशी तासभर भांडले, डब्यातली भाकरी खाल्ली, आणि मुलगा इतिहासात गेला.

सगळ्यांच्याच अर्जांखाली ती ओळ येऊ लागली, तेव्हा डीनसाहेबांनी परिपत्रक काढलं की यापुढे मौनाला संमती समजण्यात येऊ नये. मॅडमनी ते भिंगाखाली धरून सावकाश वाचलं. "चांगलं लिहिलंय," म्हणाल्या. "आता निदान उत्तर तरी देतील."

दुसऱ्या वर्षाच्या नाताळाला त्यांनी ऑफिसात करंज्या आणल्या. नात बरोबर होती, ती सगळ्यांना "दादी की गुझिया" म्हणून वाटत होती. "करंजी म्हण," मॅडमनी सांगितलं. "वही तो," नात म्हणाली. मॅडमनी डबा माझ्यापुढे केला, पण माझ्या हातापासून वीतभर लांब. मी हात पुढे नेला आणि करंजी घेतली.

तिसऱ्या वर्षी मधलं दिसणं गेलं. डॉक्टर बरोबर निघाले, ह्याबद्दल मॅडमनी त्यांचं कौतुकही केलं. आता माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघायच्या, कारण तिकडे बघितलं की कडेनं माझा चेहरा थोडा दिसायचा. नव्या माणसांना वाटे, बाई रागावल्यात. शेअर ऑटो बंद झाला, मुलाची कॅब आली. कॅबवाल्यालाही त्यांनी बोलतं केलं. त्याच्या मेहुण्याचा बदलीचा अर्ज लिहून झाला होता.

आणि वर्ग कुठले, तर मागे ठेवलेले. पहिल्या वर्षाच्या पोरांत बसून पर्यावरण, कम्युनिकेशन स्किल्स. कम्युनिकेशनच्या नव्या, तरुण सरांनी औपचारिक पत्र लिहायला दिलं. मॅडमनी तोंडी सांगितलं, शेजारच्या मुलीनं लिहून घेतलं. सरांनी मार्क कापले. शेरा होता, 'टू लाँग, ओल्ड फॉरमॅट.' मी संतापले. म्हटलं, ह्या माणसाला माहीत तरी आहे का तो कुणाचं पत्र तपासतोय?

"त्याचं बरोबर आहे," मॅडम माझ्या कानाला म्हणाल्या. "लांब होतं."

शेवटची परीक्षा आली. वनस्पतिशास्त्राचा एक एकत्रित पेपर असतो, तिन्ही वर्षांवरचा. मॅडमना लेखनिक मिळाला, वेगळी खोली मिळाली, जादा वेळ मिळाला. शिवाय परीक्षा विभागानं स्वतःहून एक बदल केला. दृष्टी अधू असलेल्या परीक्षार्थीला आकृत्या माफ, आकृतीचे मार्क बाकीच्या उत्तरांच्या प्रमाणात. अगदी चांगला नियम आहे. मला वाटलं, बाईंना आनंद होईल, म्हणून फोन करून सांगितलं.

"हे मागितलं कुणी?" त्या म्हणाल्या.

"अहो मॅडम, सवलत आहे. सगळ्यांनाच देतात."

"ज्यांना हवी त्यांना द्यावी. मी आकृत्या काढायलाच आले होते, नीता." त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तेवढ्यासाठी सगळा कोर्स उलटा केला आणि तेवढंच तुम्ही माफ करणार?"

सवलत काढून टाकण्याचा अर्ज त्यांनी फोनवरच मला सांगितला, मी लिहून घेतला. डीनसाहेबांनी त्याच दिवशी 'मंजूर' लिहिलं. मी त्यांना इतक्या चटकन काही लिहिताना पाहिलेलं नाही.

परीक्षेला त्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून मीच होते. मे महिना, कूलरचा आवाज, आणि आम्ही तिघंच. लेखनिक म्हणून कॉमर्सचा एक मुलगा दिलेला, कारण लेखनिकाला विषय येता कामा नये. तो प्रश्न वाची, मॅडम उत्तर सांगत, तो लिही. स्पेलिंग त्या अक्षर-अक्षर सांगायच्या. मग खोडाच्या आडव्या छेदाचा प्रश्न आला.

"काग़ज़ मुझे दो, बेटा."

त्यांनी डाव्या हाताचं बोट कागदाच्या मध्यावर रोवलं आणि उजव्या हातानं पेन्सिल त्या बोटाभोवती फिरवली. बाहेरचा गोल. मग बोट न हलवता आतला. मग आतल्या कडेला रसवाहिन्यांचा एकेक जुडगा, चाचपत, वरून सुरू करून घड्याळाच्या दिशेनं. दोन जुडगे एकमेकांवर चढले. एक पार गोलाबाहेर गेला. त्यांची मान वर होती, डोळे दाराकडे. कागदाकडे बघायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. पर्यवेक्षकानं रडू नये असा नियम नाही, पण बरं दिसत नाही, म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले.

"नीता."

मध्ये टेबल असताना त्यांनी मला नीता म्हटलेलं हे एकदाच. मी वळले.

"बाहेरचा गोल मिटला का गं?"

पर्यवेक्षकानं परीक्षार्थीला उत्तराबद्दल काहीही सांगायचं नसतं. मी जवळ गेले, पाहिलं. उजवीकडे बोटभर उघडा राहिला होता.

"नाही. उजवीकडे उघडा आहे."

त्यांनी पेन्सिल उचलली, तिकडे नेली, आणि थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"राहू दे. पुस्तकात गोल पुरा असतो. आपण पात्यानं सेक्शन कापतो ना, तेव्हा एका बाजूला तो फाटतोच. प्रत्येक वेळी. मी पाहिलाय."

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि त्या मुलाच्या आवाजाच्या दिशेनं वळल्या.

"लिखो बेटा, दाहिनी तरफ़ तीर बनाकर. यहाँ सेक्शन फटा हुआ है. लिख लिया? चलो, अगला सवाल पढ़ो."